कितवी फेरी, किती लीड?

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. साऱ्या महाराष्ट्रात विधानसभेची मतमोजणी चालू होती, पण नांदेडकरांच्या मोबाइलवर एकाच वेळी दोन निकाल उलगडत होते. त्याच वर्षी लोकसभेला ५९,४४२ मतांनी निवडून आलेले वसंतराव चव्हाण २६ ऑगस्टला वारले. त्यांच्या रिकाम्या जागेची पोटनिवडणूक २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबरच उरकण्यात आली. मतदारानं एकाच खोलीत दोन मशिनची बटणं दाबली, आणि तीन दिवसांनी त्या दोन मशिनी दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागल्या. भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या सहाही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या. याच सहा जागा मिळून नांदेड लोकसभा होते. तिथला आकडा मात्र खालीवर होत राहिला. बराच वेळ भाजपचे संतुक हंबर्डे पुढे दिसत होते. शेवटी काँग्रेसचे रवींद्र चव्हाण ५,८६,७८८ आणि हंबर्डे ५,८५,३३१ असा हिशेब लागला. फरक १,४५७ मतांचा.

हे १,४५७ म्हणजे किती, ते बघा. तेव्हाच्या नियमानं एका मतदान केंद्राच्या यादीत जास्तीत जास्त १,५०० मतदार ठेवले जायचे. सहा विधानसभा क्षेत्रांवर पसरलेल्या मतदारसंघात पावणेबारा लाख मतं या दोघांनी मिळून घेतली, आणि त्यांच्यातलं अंतर एका भरगच्च केंद्राच्या यादीपेक्षाही कमी भरलं. त्या दिवशी चहाच्या टपरीवर, बसमध्ये, लग्नघरात जो तो एकच विचारत होता: कितवी फेरी, किती लीड?

या प्रश्नाचं उत्तर खिशातल्या काचेवर आपोआप बदलत होतं. पान परत उघडावं लागत नव्हतं, कुणाला फोन करावा लागत नव्हता. मला राजकारणात गती बेताचीच. पण हातातल्या पानावरचा आकडा कुणीही हात न लावता पालटतो, याचं नवल मात्र अजून ओसरलेलं नाही. ज्याला आपण निकालाचं पान म्हणतो, ते खरं तर एका लांबलचक कामाचं चालू वर्णन असतं. काम तासन् तास चालतं, ते दुसरीकडे कुठेतरी चालतं, आणि बघणाऱ्याला मिनिटामिनिटाची खबर हवी असते. वेबसाठी ही मागणी साधी नाही. वेब मुळात त्यासाठी बनलेलंच नव्हतं.

आधी तो आकडा जन्मतो कुठे, ते पाहू. मतदान यंत्राला इंटरनेट नसतं, ब्लूटूथ नसतं, कसलीही तार बाहेरच्या जगाला जोडलेली नसते. मोजणीच्या खोलीत साधारण १४ टेबलं मांडलेली असतात. मधे जाळी, जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी कागद-पेन घेऊन बसलेले. सकाळी ८ वाजता पोस्टल मतं मोजायला घेतात, अर्ध्या तासानं मशिनी. एकेका टेबलावर एकेका केंद्राचं कंट्रोल युनिट येतं. सील दाखवतात, मग 'रिझल्ट'चं बटण दाबतात. छोट्याशा पट्टीवर एकामागून एक उमेदवार आणि त्याची मतं झळकतात. कर्मचारी ते आकडे १७-सी नावाच्या नमुन्याच्या दुसऱ्या भागात उतरवतो, जाळीपलीकडची मंडळी आपापल्या कागदावर. चौदा टेबलांच्या चौदा मशिनी झाल्या की एक फेरी पुरी. मतदारसंघात ३३६ केंद्रं असतील तर बरोबर २४ फेऱ्या होतात. ३४० असली तर पंचविसावी फेरी चारच टेबलांची होते, आणि ती झटकन उरकते.

फेरीची बेरीज होते, निरीक्षक त्यातल्या एखाद-दोन मशिनी आपल्या मनानं निवडून पुन्हा ताडून बघतात, निवडणूक निर्णय अधिकारी सही करतात, माइकवर आकडे पुकारले जातात, फळ्यावर लिहिले जातात. मग ते आकडे निवडणूक आयोगाच्या संगणक प्रणालीत हातानं भरले जातात. म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान वाटणाऱ्या बातमीची पहिली पायरी बॉलपेन आणि छापील नमुना ही आहे. मशीनपासून संगणकापर्यंतच्या काही मीटरला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तिथून पुढे देगलूरच्या किंवा दुबईच्या फोनपर्यंत जायला सेकंदसुद्धा पुरतो. मला ही उलटी गंमत फार आवडते. आणि ती तशीच असावी असंही वाटतं, कारण त्या संथ काही मीटरमध्येच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडताळणी होते.

आता तो सेकंद. इथे खरी अडचण सुरू होते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या आसपास जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेब उभं केलं, ते शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. त्याची रीत साधी: तुमच्या ब्राउझरनं मागायचं, पलीकडच्या संगणकानं, म्हणजे सर्व्हरनं, द्यायचं, आणि विषय संपला. सर्व्हरला स्वतःहून तोंड उघडायची मुभाच नाही. विचारलंत तर बोलेल. न विचारता तुमच्या दारात येऊन 'अहो, सतरावी फेरी झाली बरं का' असं तो सांगणार नाही. तुम्ही कुठे आहात हेही पान दिल्यावर त्याच्या लक्षात राहत नाही.

गल्लीतली पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. आईनं ज्वारीचा डबा गिरणीत ठेवलाय आणि घरी भाकरीला पीठ नाही. गिरणीवाला काही घरी निरोप धाडणार नाही. मग आई दर दहा मिनिटांनी बंड्याला पिटाळते: बघून ये, झालं का दळण? बंड्या जातो, 'नाही अजून' ऐकून येतो. पुन्हा जातो, पुन्हा 'नाही'. सहाव्या खेपेला डबा मिळतो. वेबवर अगदी हेच चालायचं आणि बहुतेक ठिकाणी आजही हेच चालतं. संगणकवाले त्याला पोलिंग म्हणतात. मतदानाशी त्याचा थेट संबंध नाही, नाव तेवढं जुळलंय. सुरुवातीला तर सबंध पानच पुन्हा मागवावं लागे, पडदा क्षणभर पांढरा होई. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत एक सोय दिली, जिच्यामुळे पान जागेवर ठेवून पडद्यामागून नुसता आकडा मागवता येऊ लागला. काही वर्षांनी ही सोय सगळ्यांनी उचलली, आणि पानं न हलता बदलू लागली. क्रिकेटचा स्कोअर, रेल्वे कुठवर आली, शेअर बाजार, सगळं तिच्यावर उभं राहिलं.

पण बंड्याच्या खेपांचा हिशेब मांडून पाहा. समजा एक लाख फोन दर पाच सेकंदांनी विचारताहेत. म्हणजे सेकंदाला वीस हजार 'झालं का?' फेरी वीस मिनिटांनी बदलते. तेवढ्या वेळात एका फोननं २४० वेळा विचारलं, आणि त्यातल्या २३९ वेळा उत्तर होतं 'नाही'. एक लाख फोनांचे मिळून २ कोटी ४० लाख प्रश्न, एका नव्या आकड्यासाठी. मतमोजणीच्या दिवशी लाखभर फोन म्हणजे काहीच नाही.

यावर पहिली युक्ती निघाली ती अशी: बंड्यानं परत यायचंच नाही. गिरणीच्या पायरीवर बसून राहायचं, दळण झालं की मगच हलायचं. ब्राउझर विचारतो, सर्व्हर लगेच 'नाही' न म्हणता गप्प राहतो, फेरी झाली की तेव्हा उत्तर देतो. उत्तर मिळताच ब्राउझर दुसरा बंड्या पाठवतो. खेपा एकदम कमी झाल्या. मात्र गिरणीसमोर लाखभर बंडे बसलेले, ही नवी अडचण. प्रत्येक उघडी जोडणी सर्व्हरची थोडी स्मृती खाते. शिवाय वाटेतली यंत्रं, म्हणजे मधले दलाल सर्व्हर, इतका वेळ काहीच हालचाल नाही असं पाहून जोडणी तोडून टाकतात. पुष्कळ ठिकाणी ही सहनशक्ती साठ सेकंदांची ठेवलेली असते. एकसष्टाव्या सेकंदाला 'गेटवे टाइमआउट' असं रूक्ष उत्तर येतं. ते पाहून आपण नेटला शिव्या देतो. नेट बिचारं ठीक असतं, मधला माणूस कंटाळलेला असतो.

मग खरी सुंदर कल्पना आली. उत्तर एकदाच देऊन संपवायचं कशाला? उत्तर द्यायला सुरुवात करायची आणि ते संपवायचंच नाही. ब्राउझरनं एकदा विचारलं, सर्व्हरनं 'सांगतो' म्हणून पहिली ओळ पाठवली, आणि पुढच्या ओळी जशा तयार होतील तशा त्याच उत्तरात पाठवत राहिला. दुपारी सुरू झालेलं एकच उत्तर संध्याकाळपर्यंत चालू. नियम मोडला नाही, कारण एका प्रश्नाला एकच उत्तर दिलंय, तेवढं ते पाच तास लांबलं. या पद्धतीला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स म्हणतात. इयान हिक्सन यांनी तिचा आराखडा २००४ च्या सुमारास मांडला, ऑपेरा ब्राउझरनं २००६ मध्ये ती पहिल्यांदा वापरात आणली. आज बहुतेक सगळे ब्राउझर ती जाणतात. चॅटबॉट उत्तर देताना शब्द टपटप पडताना दिसतात, तिथेही बहुधा हीच रीत असते.

तारेतून जाणारा तो मजकूर जवळून पाहिला तर हसू येतं, इतका तो साधा आहे. कुठलं गूढ सांकेतिक लेखन नाही. एका ओळीत 'डेटा' हा शब्द, पुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके, पुढे मजकूर: सतरावी फेरी, अमुक इतकी, तमुक इतकी. मग एक कोरी ओळ. कोरी ओळ आली की ब्राउझर समजतो, निरोप पुरा झाला, आता पानावर लावा. वाटल्यास वर एक 'आयडी'ची ओळ: हा सतराव्या क्रमांकाचा निरोप. झालं. एवढ्यावर दिवसभराची मतमोजणी धावू शकते.

त्या आयडीच्या ओळीची करामत वेगळीच. लातूरहून नांदेडला येणारी बस एखाद्या वळणावर रेंजबाहेर गेली, जोडणी तुटली. दोन-तीन सेकंदांनी ब्राउझर आपणहून पुन्हा दार ठोठावतो, आणि ठोठावताना सांगतो: माझ्याकडे शेवटचा निरोप सतरावा आला होता. सर्व्हर अठरावा आणि एकोणिसावा देतो आणि पुढे चालू. प्रवाशाच्या लक्षातही येत नाही की मधे काही वेळ तो जगापासून तुटला होता. हे ठोठावणं लिहायला पान बनवणाऱ्याला एक अक्षरही खर्ची घालावं लागत नाही, ते ब्राउझरच्या अंगातच आहे.

आणि मधला कंटाळणारा माणूस? त्याच्यासाठीही तोडगा आहे, आणि तोही या साधेपणाला शोभणारा. नुसत्या दोन ठिपक्यांनी सुरू होणारी ओळ म्हणजे शेरा, तिच्याकडे ब्राउझर दुर्लक्ष करतो. मग सर्व्हर दर पंधराएक सेकंदांनी नुसते दोन ठिपके पाठवून देतो. अर्थ काहीच नाही. फक्त 'मी आहे'. वाटेतल्या यंत्राला हालचाल दिसते, ते जोडणी तोडत नाही. फेरी लागायला पंचवीस मिनिटं लागली तरी तार जिवंत राहते. दुसरा एक वात्रटपणाही ही मधली यंत्रं करतात: ओळी येतील तशा पुढे न सोडता गठ्ठा साठवून ठेवतात. मग पान तासभर मख्ख, आणि एकदम चार फेऱ्या अंगावर. नव्यानं हे काम शिकणारी पोरं दोन-दोन दिवस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतात, आणि दोष निघतो वाटेतल्या साठवणीत.

याहून पुढची पायरी वेबसॉकेट. त्याचं मानक म्हणावं असं कागदपत्र डिसेंबर २०११ मध्ये निघालं. इथे ब्राउझर आणि सर्व्हर सुरुवातीलाच ठरवतात की आता मागणं-देणं बंद, दोघांनी हवं तेव्हा बोलायचं. गप्पा, ऑनलाइन खेळ, एकाच कागदावर चौघांनी लिहिणं यासाठी हे हवंच. निकालासाठी मात्र हा मोठा घाट विनाकारण आहे असं माझं मत. मोजणीच्या टेबलाला आपल्याकडून काहीही ऐकायचं नसतं. आपण आपलं म्हणणं तीन दिवसांपूर्वी बटण दाबून सांगितलेलं असतं.

खूप मोठ्या गर्दीला यातलं काहीच परवडत नाही, तेव्हा जुनीच चाल नव्या रूपात येते. कोट्यवधींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकासाठी नव्यानं काढायचंच नाही. फेरी लागली की पानाची एक ताजी प्रत तयार करायची, देशभर पसरलेल्या साठवण-सर्व्हरांवर ठेवायची, आणि मागेल त्याला जवळची प्रत द्यायची. मूळ सर्व्हरला धक्का लागत नाही. मोल एवढंच की तुम्हाला दिसणारा आकडा दोन-चार मिनिटं शिळा असू शकतो. म्हणूनच आयोगाच्या पानाच्या तळाशी 'शेवटचे अपडेट इतक्या वाजता' अशी बारीक ओळ असते. सगळे लीडकडे बघतात. मी आधी ती ओळ बघतो.

निवडणुका पाच वर्षांनी येतात. लांबलेली कामं रोजची आहेत. जुलैत पीकविम्याच्या दिवसांत मराठवाड्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रावर उभं राहून पाहा. सातबारा, पासबुक, पीकपेरा जोडून झाला, 'सादर करा' दाबलं, आणि पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. शेतकरी चाकाकडे बघतो, केंद्रचालक चाकाकडे बघतो, मागची रांग दोघांकडे बघते. फॉर्म गेला की नाही? पुन्हा दाबावं का? दाबलं तर दोनदा जाईल का? चाक काहीच बोलत नाही. ते नुसतं फिरतं, आणि सर्व्हर मरून पडला तरी तितक्याच उत्साहानं फिरत राहतं, कारण ते फिरवणारा तुमचाच संगणक असतो. त्याचा पलीकडच्या कामाशी काडीचा संबंध नसतो.

यावर शहाण्या बांधणीची रीत ठरलेली आहे. काम लांबणार असेल तर ग्राहकाला दारात ताटकळत ठेवू नका. फॉर्म घ्या, लगेच पावती क्रमांक द्या, काम मागच्या रांगेत लावा. वेबच्या भाषेत या 'घेतलं, करतो' अशा उत्तराला २०२ क्रमांकच देऊन ठेवलाय. मग मागचा कामगार-प्रोग्राम एकेक पायरी उरकतो आणि एका वहीत नोंदवत जातो: कागद तपासले, नकाशा जुळवला, पाचपैकी तीन झालं. पान ती वही वाचून दाखवतं. यातला मोठा फायदा असा की वीज गेली, मोबाइल बंद पडला, तरी पावती क्रमांक टाकून दुसऱ्या कुठल्याही फोनवरून पुढची खबर घेता येते. काम आणि कामाची खबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा मान्य केलं की निम्मी अडचण सुटते.

राहिली ती पट्टी, डावीकडून उजवीकडे भरत जाणारी. टोरांटो विद्यापीठात शिकणाऱ्या ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये तिच्यावर निबंध वाचला. ४८ विद्यार्थ्यांना त्यांनी संगणकावर शोध घ्यायला लावले, कधी पट्टी दाखवून, कधी न दाखवता. ८६ टक्के जणांना पट्टी आवडली. गंमत म्हणजे पट्टी तंतोतंत बरोबर नसली तरी लोकांची फारशी तक्रार नव्हती. काम चालू आहे एवढं कळणंच पुष्कळ होतं. माणसाचा हा भोळेपणा मग उद्योगानं हेरला. २०१० मध्ये ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पट्टीवरचे पट्टे उलट्या दिशेनं सरकवले तर तोच वेळ लोकांना सुमारे ११ टक्क्यांनी कमी वाटतो. इथवर ठीक, निदान यात खोटं काही सांगितलेलं नाही. पण कित्येक पट्ट्या निव्वळ नाटक असतात: पहिले ९० टक्के घाईनं भरायचे आणि मग खरं काम संपेपर्यंत तिथेच अडून बसायचं. ज्याला पुढचं ठाऊक नाही त्यानं टक्के सांगू नयेत. 'किती वेळ लागेल माहीत नाही, पण चालू आहे' असं स्पष्ट लिहिलेलं पान मला त्या गुळगुळीत पट्टीहून कितीतरी सभ्य वाटतं.

मात्र ९९ टक्क्यांवर अडणं दर वेळी लबाडीचं नसतं, हे मतमोजणीच छान दाखवते. सगळ्या फेऱ्या संपल्या, लीड स्पष्ट झालं, गुलाल उधळून झाला, तरी पानावर 'विजयी' येत नाही. कारण सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची छापील नोंद असलेल्या, चिठ्ठ्या अजून हातानं मोजायच्या असतात, आणि ती पाच केंद्रं सोडत काढून निवडतात. नांदेड लोकसभेच्या सहा क्षेत्रांत मिळून तीस केंद्रं. एका यंत्राच्या चिठ्ठ्यांना तासभर सहज जातो. या काळात पानावरचा एकही आकडा हलत नाही, पण आत काम जोरात चालू असतं. फेऱ्या मोजून केलेली टक्केवारी ही गोष्ट सांगूच शकत नाही. फेरी आणि वेळ ही दोन वेगळी मापं आहेत. चांगलं पान अशा वेळी आकड्याऐवजी वाक्य दाखवेल: फेऱ्या पूर्ण, चिठ्ठ्यांची पडताळणी सुरू.

आता पुन्हा त्या शनिवारकडे. लोकसभेचं लीड म्हणून जो एक आकडा दिसत होता, तो सहा ठिकाणच्या सहा वेगवेगळ्या वेगांची बेरीज होती. एका क्षेत्रात केंद्रं जास्त, दुसऱ्यात कमी. एका ठिकाणी मशिनी भराभर उघडल्या, दुसऱ्या ठिकाणी प्रतिनिधीनं हरकत घेतली. समजा एका क्षेत्राच्या वीस फेऱ्या झाल्यात आणि दुसऱ्याच्या बाराच. तर त्या क्षणाचं लीड म्हणजे पहिल्या क्षेत्राचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा दबलेला. हा कल नव्हे, हा क्रम आहे. मशिनींचा क्रम बदलला असता तर तेच मतदान, तोच शेवट, पण दिवसभराची कहाणी उलटी दिसली असती. म्हणून 'अमुक इतक्या मतांनी आघाडीवर' हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं म्हणजे: किती मोजायची राहिली आणि कुठली. पावणेबारा लाखांत १,४५७ चा फरक लागणार असेल तर न उघडलेल्या पाच-दहा मशिनीही निकाल फिरवू शकतात. संध्याकाळी आघाडी पाहून कुणी विजय जाहीर केला असेल तर चूक पानाची नव्हती. पान फक्त झालेलं सांगत होतं. वाचणाऱ्यानं ते होणारं म्हणून वाचलं.

जाता जाता लातूरचे दोन मासले. नांदेड जिल्ह्यातलं लोहा लातूर लोकसभेत मोडतं, तेव्हा लोह्याचा माणूस खासदाराच्या लीडसाठी नांदेडचं पान उघडून बसला तर त्याला स्वतःचं मत कुठेच सापडणार नाही. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये लातूर ग्रामीणच्या निकालात एक विलक्षण दृश्य होतं. पहिल्या क्रमांकावर धीरज देशमुख, आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवारच नाही, 'नोटा'. शेवटी नोटाला साडेसत्तावीस हजारांच्या आसपास मतं पडली. एखाद्या पान बनवणाऱ्यानं मतांप्रमाणे रांग लावायचा नियम लिहिला असेल. 'वरीलपैकी कुणी नाही' उमेदवारांच्या डोक्यावर जाऊन बसेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. नियम मात्र आपलं काम चोखच करणार.

खबर उशिरा आली की संशय येतो, हाही अनुभव ताजा आहे. ८ ऑक्टोबर २०२४ ला हरियाणाच्या मोजणीत आकडे सावकाश अद्ययावत होत असल्याची तक्रार काँग्रेसनं आयोगाकडे केली. आयोगाचं उत्तर असं की सगळ्या मतदारसंघांत मिळून दर पाच मिनिटांना सुमारे पंचवीस फेऱ्या भरल्या जात आहेत. कोण बरोबर, यात मी पडत नाही. पण बघा, भांडण मतांवरून नव्हतं, खबरीच्या वेगावरून होतं. पूर्वी कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चाले, लोक आकाशवाणी ऐकत आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेरच्या फळ्यांपुढे उभे राहत. तेव्हा चार तासांचं मौन कुणाला खटकत नव्हतं. आता चार मिनिटांचं खटकतं. पान जितकं बोलकं झालं, तितकी त्याच्या गप्प बसण्याची शंका वाढली. हे ज्यांना अशी पानं बांधायची आहेत त्यांनी, नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांनी म्हणा किंवा लातूरच्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर दुकानानं, पक्कं लक्षात ठेवावं. नवा आकडा नसला तरी 'जोडणी चालू आहे, शेवटची खबर २ वाजून १० मिनिटांची' एवढं पानावर लिहायला काहीच खर्च येत नाही.

पुढची मोजणी ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, लीडचा आकडा वाचण्याआधी तीन गोष्टी शोधा: किती फेऱ्यांपैकी कितवी, शेवटची नोंद किती वाजताची, आणि कुठली क्षेत्रं मागे आहेत. तीनही मिळाल्या तर मग खुशाल पैज लावा. एकही नसेल तर फोन खिशात ठेवा आणि जेवून घ्या.